सासऱ्यांच्या उबुंटूवर स्पॉटिफाय: दोन आयकॉन, एक एरर आणि पावणेनऊचं कोडं

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सासऱ्यांचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचा, म्हणजे विंडोज 11 त्यावर रीतसर बसत नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून तुम्ही उबुंटू 24.04 हे लिनक्स टाकलंत. मग स्पॉटिफाय एकदा अ‍ॅप सेंटरमधून टाकलंत आणि एकदा कुठल्यातरी जुन्या उत्तरातल्या कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, चिकटवून. आता आयकॉन दोन दिसतात, एकात लॉगिन आहे, दुसऱ्यात नाही. अपडेट करायला गेलं की ‘नो पबकी’ असं काहीतरी येतं. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास, तुम्ही ऐरोलीच्या ऑफिसला निघाल्यावर, अभंग चालू असताना मध्येच थांबतात. शनिवार-रविवारी मात्र नीट चालतात. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘लिनक्स काढून परत विंडोजच टाकू का?’

नका टाकू. यातल्या दोन गोष्टी अर्ध्या तासात सुटतील. तिसऱ्या गोष्टीचा लिनक्सशी काहीच संबंध नाही, म्हणून आधी तीच घेतो.

शनिवार-रविवारचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिलात, पण उत्तर त्यातच आहे. लॅपटॉपवर खातं तुमचंच आहे ना? स्पॉटिफायवर एका खात्यावरून एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. तुम्ही ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बसता, कानात इयरफोन घालता, फोनवर गाणं लावता. त्याच क्षणी घरी आजोबांचा लॅपटॉप गप्प होतो. ते बिचारे परत प्ले दाबतात, तर दिघ्याच्या आसपास तुमचं गाणं थांबतं, आणि तुम्हाला वाटत असणार की तिथे रेंज गेली. दोघं रोज एकमेकांचं गाणं बंद करताय आणि खापर उबुंटूवर फुटतंय.

खात्री करायची तर रविवारी लॅपटॉपवर गाणं चालू ठेवा आणि शेजारी बसून फोनवर दुसरं लावा, वाजवायचं ठिकाण म्हणून फोनच निवडून. लॅपटॉपवर वाजणं थांबेल आणि खाली तुमच्या फोनचं नाव दिसेल. उपाय एकच, त्यांना त्यांचं वेगळं खातं काढून द्या. फुकट खातंही चालेल, मध्ये जाहिराती येतील एवढंच. अभंगांच्या मध्ये चपलांची जाहिरात सहन होत नसेल तर पैसे भरायचे का, हा तुमच्या घरातला निर्णय. तुम्ही आजवर जमवलेल्या त्यांच्या याद्या वाया जात नाहीत. प्लेलिस्टची लिंक त्यांच्या खात्यातून उघडायची आणि जतन करायची. पुढेही तुम्ही फोनवरून त्या यादीत भर घातलीत की ती त्यांच्याकडे आपोआप दिसते. बहुतेक गाण्यांची नावं रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगनं टाकलेली असतात. तेव्हा शोधायचं काम तुमच्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, ही वाटणी मला तरी बरी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अ‍ॅप टाकायचं कसं?

मी ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या बाजूला लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स बसवून देतो, पंधराएक वर्षं झाली. या कामात एक गोष्ट मी उशिरा शिकलो. अ‍ॅप टाकणं हा प्रश्नच नाही, ते कोणत्याही वाटेनं दहा मिनिटांत होतं. खरा प्रश्न असा की तुम्ही तिथे नसताना त्याचे अपडेट कोण करणार. वाट त्यावरून ठरवायची.

एक गोष्ट आधी माहीत हवी. स्पॉटिफायची लिनक्स आवृत्ती 2010 पासून आहे, पण कंपनी स्वतःच सांगते की हे त्यांच्या इंजिनिअरांनी आपल्या हौसेनं, फावल्या वेळात केलेलं काम आहे आणि त्याला विंडोज-मॅकसारखा अधिकृत आधार नाही. काही बिघडलं तर ग्राहकसेवेकडून फार आशा धरू नका. तरीही अ‍ॅप चांगलं चालतं. आपल्याकडे 2019 च्या फेब्रुवारीत ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून मी ते बसवतोय आणि अ‍ॅपनं दगा दिल्याचे प्रसंग थोडे आहेत. दगा दिला तो बसवण्याच्या पद्धतीनं.

उबुंटूवर वाटा तीन. पहिली स्नॅप, म्हणजे अ‍ॅप सेंटरमध्ये शोधून ‘इन्स्टॉल’ दाबायचं ती. दुसरी डेब, म्हणजे स्पॉटिफायची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं ऑनलाइन कोठार, आपल्या यादीत जोडायची आणि टर्मिनलमधून टाकायचं. तिसरी फ्लॅटपॅक, ती फ्लॅटहब नावाच्या ऑनलाइन दुकानातून. तिन्ही वाटांनी येतं ते अ‍ॅप जवळपास तेच. फरक आहे तो ते कोणी बांधून दिलंय आणि त्याची निगा कोण राखतं यात.

डेबची वाट जाणकारांची लाडकी. अ‍ॅप लवकर उघडतं, जागा कमी खातं, बाकीच्या सिस्टीमशी मिसळून राहतं. पण ही रिपॉझिटरी एका डिजिटल किल्लीनं सही केलेली असते. तुमचा उबुंटू ती सही तपासतो, जुळली तरच सामान आत घेतो. ही सोय सुरक्षेची आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडचण अशी की किल्लीला मुदत असते. ती संपली किंवा बदलली की नवी किल्ली नव्या नावानं येते आणि ती आपण हातानं आणून ठेवावी लागते. तुम्ही ज्या उत्तरातून कमांड घेतल्यात ते त्या दिवशी बरोबरच होतं. त्यातल्या किल्लीचं नाव आता शिळं झालंय, एवढंच. तुमचा ‘नो पबकी’ म्हणजे हेच: सही आहे, पण ती पडताळायची किल्ली माझ्याकडे नाही, असं उबुंटू म्हणतोय. त्यात ती कमांड ‘एपीटी-की’ (किल्ली जोडायची जुनी पद्धत) वापरत असेल तर तो प्रकारच आता मोडीत निघालाय. मी इथे कमांडची जंत्री देत नाही ती याचसाठी. आज दिलेली ओळ दोन वर्षांनी कोणीतरी उचलेल आणि तुमच्यासारखंच अडकेल. डेबच हवं असेल तर स्पॉटिफायच्या लिनक्ससाठीच्या डाउनलोड पानावर त्या दिवशी जे लिहिलंय तेच वापरायचं, दुसरं कुठलंही नाही. आणि ‘स्पॉटिफाय फॉर लिनक्स’ असं नाव लावून डेब फाइल वाटणाऱ्या अनोळखी साइटच्या तर वाटेलाही जाऊ नका.

मी स्वतः यात चुकलोय. घंटाळीजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या मशीनवर मी मोठ्या तोऱ्यात डेब टाकून दिलं. वर ‘स्नॅप म्हणजे जड, आपल्याला नको’ असं प्रवचनही दिलं. सव्वा वर्षानं दुसऱ्याच कामासाठी गेलो तर शेकडो अपडेट तुंबलेले. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘ते उघडलं की काहीतरी चुकलंय असं सांगतं, म्हणून मी उघडणंच बंद केलं.’ किल्लीची मुदत संपली होती, बाकी काही नाही. बाकीचे अपडेट यायला तिची आडकाठी नव्हती, पण रोज तक्रार करणारी खिडकी कोण उघडेल? एका गाण्याच्या अ‍ॅपपायी ब्राउझरपासून सगळंच जुनं राहिलं होतं. चूक सरांची नव्हती, माझी होती. माझ्या मशीनला जे शोभतं ते मी त्यांच्या मशीनवर लादलं होतं.

म्हणून तुमच्या सासऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: स्नॅप ठेवा, डेब काढा. उबुंटूवर स्नॅपची व्यवस्था आधीपासून असते, स्पॉटिफायचा स्नॅप कंपनीच्याच खात्यावरून येतो आणि त्याचे अपडेट कोणी न सांगता होतात. सिस्टीम दिवसातून चार वेळा स्वतःहून पाहते की नवीन काही आलंय का. तोटेही आहेत. पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो, जुन्या हार्ड डिस्कवर तर चांगलाच. मागची आवृत्तीही जपून ठेवली जात असल्यानं जागा जास्त जाते. ते अ‍ॅप त्याच्या चौकटीत बंद असतं, त्यामुळे बाहेरच्या हार्ड डिस्कवरची गाणी त्याला सहसा दिसत नाहीत. लिनक्सवाल्यांत स्नॅपवरून भांडणं होतात ती काही उगाच नाहीत. पण सत्तरीच्या माणसाला ती भांडणं ऐकायची नसतात, त्याला गाणं ऐकायचं असतं. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या मशीनवर डेबच आहे. किल्ली बदलली की मी बदलतो, ते माझं रोजचं काम आहे.

हे सगळं उबुंटूपुरतं. लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार, असतं तर मी उलट सांगितलं असतं. मिंटवाल्यांनी 2020 पासून, म्हणजे 20 व्या आवृत्तीपासून, स्नॅपला मुद्दाम दार बंद केलंय आणि फ्लॅटपॅक आधीपासून आत ठेवलंय. तिथे फ्लॅटपॅकच घ्यावं. मात्र फ्लॅटहबवरचं स्पॉटिफाय कंपनीचं नाही, स्वयंसेवकांनी बांधून ठेवलेलं आहे, त्यामुळे ते ‘अनव्हेरिफाइड’ गटात मोडतं. मिंट 22 चा सॉफ्टवेअर मॅनेजर असली फ्लॅटपॅक सुरुवातीला लपवतो. शोधून सापडलं नाही की लोकांना वाटतं अ‍ॅपच काढून टाकलं. मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती दाखवण्याचा पर्याय चालू केला की मिळतं. थोडक्यात, ज्या घरात जी वाट आधीच डांबरी आहे तिनंच जायचं. तुम्ही एकाच घरात दोन वाटा काढल्यात, गोंधळ त्याचा आहे.

आवरायचं कसं, ते सांगतो. अ‍ॅप पूर्ण बंद करा. टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी रिमूव्ह स्पॉटिफाय-क्लायंट’ ही ओळ द्या, अर्थात रोमन अक्षरांत, सगळी छोटी अक्षरं, मधली आडवी रेघ विसरू नका. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, त्यानं घाबरू नका, अनेकजण तिथेच थांबतात. मग ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, ‘अदर सॉफ्टवेअर’ या टॅबवर जा, तिथे स्पॉटिफायच्या नावाची ओळ दिसेल ती निवडून काढून टाका. बंद करताना ते यादी ताजी करू का विचारेल, हो म्हणा. ‘नो पबकी’ इथेच मिटतो. जुनी किल्ली कुठेतरी पडून राहील, राहू द्या, ती कोणाला चावत नाही. शेवटी फाइल्स उघडून कंट्रोल आणि एच एकत्र दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. ‘डॉट कॅश’ आणि ‘डॉट कॉन्फिग’ या दोन्हींच्या आत स्पॉटिफाय नावाचा एकेक फोल्डर असेल, तो उडवा. डेबवाल्या अ‍ॅपचा तोच उरलेला पसारा. स्नॅपचं सामान ‘स्नॅप’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, त्याला हात लावू नका. यानंतर एकच आयकॉन उरेल. तो उघडून सासऱ्यांच्या नव्या खात्यानं लॉगिन करा.

एक सूचना त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्हाला ऑफिसात फोन येईल. स्नॅपचं अपडेट आलं आणि अ‍ॅप चालूच असलं, तर कोपऱ्यात इंग्रजीत संदेश येतो की अपडेट थांबलंय, अ‍ॅप बंद करा, इतके दिवस उरलेत. ‘इतके दिवस उरलेत’ वाचून माझ्या एका ग्राहकांना वाटलं होतं की वर्गणी संपतेय आणि पैसे भरायचेत. तसं काही नाही. डॉकमधल्या, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीतल्या, आयकॉनवर राइट क्लिक करून ‘क्विट’ करायचं, चहा घ्यायचा, परत उघडायचं. मधल्या वेळात अपडेट झालेलं असतं.

आता एक ‘पण’. लॅपटॉपची रॅम किती ते तुम्ही लिहिलं नाही. 4 जीबी असेल तर हे अ‍ॅप टाकूच नका, असंही मी म्हणेन. स्पॉटिफायचं डेस्कटॉप अ‍ॅप आतून एक ब्राउझरच आहे. आधीच फायरफॉक्स चालू असतो, त्यात हा दुसरा ब्राउझर, मग मशीन धापा टाकतं. अशा मशीनवर फायरफॉक्समध्येच स्पॉटिफायचं वेब पान उघडून ते टॅब पिन करून ठेवावं. पहिल्या वेळी फायरफॉक्स डीआरएम (गाण्यांची नक्कल रोखणारं कुलूप) चालू करायची परवानगी मागेल, ती द्या, नाहीतर प्ले दाबूनही काही वाजणार नाही. कीबोर्डवरची प्ले-पॉजची बटणं तिथेही चालतात. आवाजाचा दर्जा किंचित कमी, वेबवर फुकट खात्याला 128 आणि पैसे भरणाऱ्याला, बहुतेक प्लॅनमध्ये, 256 केबीपीएस (दर सेकंदाला येणारा डेटा), तर अ‍ॅपमध्ये 160 आणि 320. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर हा फरक कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर चालवत असाल तर मात्र हिशेब लक्षात ठेवा: 320 नं तासाला साधारण 144 एमबी, 160 नं त्याच्या निम्मे.

अ‍ॅपमधल्या दोन सेटिंग बदलून द्या. पहिली ‘ऑटोप्ले’, ती बंद करा. चालू असली की लावलेला अल्बम संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनानं तत्सम काहीतरी लावत राहतं, आणि वयस्कर माणसं ‘मी लावलंच नव्हतं हे’ म्हणून अस्वस्थ होतात. दुसरी ‘क्रॉसफेड’. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी ही सोय पार्टीला ठीक आहे. पण विलंबित आणि द्रुत असे दोन वेगळे ट्रॅक केलेला ख्याल त्यात लावून बघा. विलंबिताची शेवटची सम द्रुताच्या तोंडात बुडते. सासरे शास्त्रीय ऐकत असतील तर ती शून्यावरच हवी.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल, म्हणून एवढंच. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन लावल्यावर गाणं एकदम टेलिफोनमधून आल्यासारखं ऐकू आलं, तर तेही अ‍ॅपचं नाही. ब्लूटूथच्या दोन पद्धती असतात, एक फक्त ऐकायची, उत्तम आवाजाची, आणि दुसरी बोलायची, माइकसकट, हलक्या आवाजाची. नातवाशी व्हिडिओ कॉल झाला की उपकरण दुसरीवर जातं आणि कधीकधी तिथेच अडकून बसतं. सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे आउटपुटखालच्या कॉन्फिगरेशनमधून ‘हाय फिडेलिटी प्लेबॅक’ निवडायचं, आवाज परत भरतो. आणि काहीच ऐकू येत नसेल तर आधी त्याच जागी पाहा की आउटपुट एचडीएमआयवर, म्हणजे टीव्हीकडे, तर गेलेलं नाही ना.

गाण्यांची नावं देवनागरीऐवजी चौकोनांत दिसली तर लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाकून घ्या, एकदाच करायचं काम आहे. सासऱ्यांच्या जुन्या सीडीवरची गाणी असतील तर ती स्पॉटिफायमध्ये कोंबायचा खटाटोप करू नका. म्युझिक फोल्डरमध्ये टाका आणि रिदमबॉक्स या साध्या प्लेअरमधून ऐकू द्या, इंटरनेट गेलं तरी ती चालतील.

हे सगळं शनिवारी करा, आणि माउस त्यांच्या हातात द्या. सोमवारी पावणेनऊनंतरही अभंग थांबले, तर मग मात्र रॅम किती आणि ‘स्नॅप लिस्ट’ दिल्यावर टर्मिनलमध्ये काय येतं, हे दोन्ही लिहून पाठवा.